पाड

दुपारी चारच्या सुमारास लॅबमधून फोन आला. "मॅडम, सात मिळाली. पाच पक्की, दोन कच्ची."

टेस्ट ट्यूब बाळासाठी त्या सकाळी भूल देऊन माझी अंडी काढली होती, आणि त्या भुलीची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. उशाशी ठेवलेल्या वहीत मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि फोन ठेवल्यावर त्यांच्याकडे बघत पडून राहिले. लॅबमधली ही मुलगी डॉक्टरांशी बोलताना तयार अंड्याला 'एम टू' म्हणते, तयार न झालेल्याला 'जीव्ही' म्हणते. माझ्याशी बोलताना ती पक्की आणि कच्ची म्हणाली. गेले आठ महिने माझ्या अंडाशयांबद्दल पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले होते, पण माझ्या भाषेत कुणी बोललं ते त्या दुपारी पहिल्यांदा.

माण तालुक्यातल्या आजीच्या घरामागे विहिरीला लागून रायवळ आंब्याचं एक झाड होतं. मे महिन्यात आम्ही पोरं त्याला रोज दगड मारायचो आणि आजी रोज ओरडायची, "पाड तर लागू दे की झाडाला!" पाड लागणं म्हणजे पहिला आंबा झाडावरच आपसूक पिकून खाली पडणं. तो पडला की आजी कमरेवर हात ठेवून वर बघायची आणि सांगायची, आता उतरवा. उतरवलेले आंबे हिरवेच असायचे, दगडासारखे टणक. माळ्यावर वाळलं गवत अंथरून त्यांची अढी घालायची. पाडाला आलेला आंबा अढीत पिकतो. कोवळ्या कैरीला कितीही ऊब दिली तरी ती नुसती सुरकुतते. बाहेरून दोन्ही सारख्याच हिरव्या; जो काही फरक पडायचा तो झाडावर असतानाच आत पडलेला असतो.

मी शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. अंडाशयाची आकृती अकरा वर्षं फळ्यावर काढतेय. बदामाच्या आकाराची बाह्यरेषा, तिच्या कडेनं आधी बारीक पुटिका, म्हणजे अंडं जिच्यात वाढतं ती पिशवी, मग जरा मोठी, मग पाण्यानं भरलेली टपोरी, मग फुटलेली, मग पीतपिंड, शेवटी पांढरा वण. घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरत सगळं पुन्हा पहिल्या जागी येतं. ही आकृती बघून मुलींना वाटतं, की पाळीच्या पहिल्या दिवशी एक पुटिका निघते आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत फेरी पूर्ण करते. मलाही तसंच वाटायचं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मी नीट वाचायला बसले आणि लक्षात आलं, की या आकृतीत पुटिका फिरत नाहीत, फिरतो तो काळ. निरनिराळ्या वेळच्या अवस्था एकाच चित्रात कडेनं मांडल्या आहेत. खरी पुटिका जिथे असते तिथेच वाढते, आणि निद्रिस्त अवस्थेतून जागी होऊन अंडं बाहेर सोडण्यापर्यंत तिला जवळजवळ वर्ष लागतं. पाळीचे पहिले दोन आठवडे म्हणून आपण जे मोजतो तो त्या वर्षाचा अगदी शेवटचा तुकडा. या दिवाळीत बाहेर पडणारं अंडं गेल्या दिवाळीच्या आसपास जागं झालेलं असतं. मुलींना मी इतकी वर्षं सांगत आले, की दर महिन्याला एक अंडं तयार होतं. बाहेर पडतं ते दर महिन्याला. तयार व्हायला सुरुवात झालेली असते ती त्या मुलीच्या जन्माच्याही आधी.

किती आधी, हे मला आजीच्या एका आठवणीमुळे नेमकं कळलं.

आईचा जन्म जानेवारी १९७३चा. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात ती आजीच्या पोटात होती. आमच्याकडे 'बहात्तर' एवढंच म्हटलं तरी पुरतं, पुढे दुष्काळ म्हणावं लागत नाही. पाऊस आला नाही, विहिरी आटल्या, आणि गावंच्या गावं सरकारच्या दुष्काळी कामांवर गेली. आजी खडी फोडायला जायची. "तुजी आय पाच म्हैन्याची पोटात. दिसभर खडी फोडायची. दुपारच्याला सुकडी मिळायची. अन् ती तांबडी मिलो, तिची भाकर घशाखाली उतरायची न्हाई." ही आठवण मी लहानपणापासून ऐकत आलेय. मिलोची भाकर आणि सुकडी यांच्यावरच माझं लक्ष असायचं. पाच महिन्यांचा उल्लेख कानावरून जायचा.

मुलीच्या गर्भात अंडपेशींची संख्या सगळ्यात जास्त असते ती पाचव्या महिन्यात. टी. जी. बेकर यांनी १९६३ साली मानवी अंडाशयातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ही गणती मांडली: साठ ते सत्तर लाख. त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधीच एवढ्या नसतात. आणि या पेशी अंडाशयात उगवलेल्याही नसतात. गर्भ तीन आठवड्यांचा, धड आकारही न आलेला असताना, त्याच्या शरीराबाहेर पीतक पिशवीच्या भिंतीत त्या दिसू लागतात. तिथून अमीबासारख्या सरपटत, होऊ घातलेल्या आतड्याच्या भिंतीतून वर चढत, अंडाशय जिथे व्हायचं असतं त्या उंचवट्यापर्यंत येतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतात तेव्हा हजार-दोन हजार असतात. तिथून वाढत वाढत सत्तर लाखांच्या घरात जातात.

आणि मग गळती लागते. जन्माच्या वेळी उरतात दहा ते वीस लाख. शेवटच्या वीस आठवड्यांत पन्नासेक लाख गेल्या असं धरून मी हिशेब केला, तर मिनिटाला पंचवीस आल्या. बहात्तरच्या भाद्रपदाच्या सुमारापासून पुढे, आजी खडी फोडत असताना, तिच्या पोटातल्या माझ्या आईच्या पोटात, मिनिटाला पंचवीस.

हा आकडा वहीत लिहिल्यावर मला वाईट वाटलं होतं. नासाडी वाटली होती. पुढे वाचताना एक वेगळीच गोष्ट हाती लागली. या पेशी सुरुवातीला सुट्या नसतात. एकमेकींना बारीक पुलांनी जोडलेल्या, घोसानं असतात. लेई आणि स्प्रॅडलिंग या संशोधकांनी २०१६ साली उंदरांमध्ये दाखवलं, की घोसातल्या बऱ्याच पेशी आपल्याजवळची तंतुकणिका आणि इतर सामग्री त्या पुलांवरून एखाद्या बहिणीकडे सरकवतात आणि मग संपतात. जी उरते ती या सगळ्यांचं घेऊन भरलेली असते. सगळी गळती अशीच होते असं कुणी म्हणणार नाही; पण निदान काही जणी जाताना देऊन जातात. तेव्हापासून त्या पन्नास लाखांना मी वाया गेलेल्या म्हणत नाही.

याच महिन्यांत आणखी एक काम उरकतं. अंडपेशी अर्धगुणसूत्री विभाजनाला सुरुवात करते. आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं गुणसूत्र जोडीनं शेजारी येतं, एकमेकांत गुंततं, आणि दोघं आपापले तुकडे बदलून घेतात. माझ्या आईच्या अंडपेशींत आजीचे धागे आणि आजोबांचे धागे असे अदलाबदल झाले ते तेव्हाच, आई जन्माला यायच्या आधी. माझं कपाळ आजोबांचं आहे म्हणतात आणि हातांची बोटं आजीची. त्यातलं किती त्या दुष्काळात ठरलं असेल याचा मी फार विचार करते.

हे झालं, की पेशी थांबते. विभाजनाच्या अगदी पहिल्या पायरीवर, काम अर्धवट टाकून. तिच्याभोवती चपट्या पेशींचं एकेरी वेटोळं बसतं. मिलिमीटरचा तिसावा भाग एवढी ती असते, आणि अशी ती पंधरा वर्षं, तीस वर्षं, काही वेळा पन्नास वर्षं थांबून राहते. शरीरातल्या इतक्या पेशी मरतात, नव्या होतात. ही तीच असते. माझ्या वाट्याची पेशी आईच्या अंडाशयात जवळजवळ एकोणीस वर्षं थांबली होती. मी मार्च १९९२मध्ये जन्मले.

एवढा काळ टिकायचं कसं? पेशी जगते म्हणजे श्वसन करते, आणि श्वसन करताना जे घातक कण तयार होतात तेच पेशीला म्हातारं करतात. बार्सिलोनात एल्व्हान बोके यांच्या गटानं २०२२ साली दाखवलं, की थांबलेल्या अंडपेशी श्वसनसाखळीतली पहिली कडीच काढून ठेवतात. 'कॉम्प्लेक्स वन' नावाची ही कडी घातक कणांचा मोठा उगम असते. ती वगळून, कमी ऊर्जेत, धूर न होऊ देता त्या जगतात. चूल विझू द्यायची नाही म्हणून रात्री निखाऱ्यावर राख ओढून ठेवतात, तसं.

थांबणं म्हणजे झोप, असं मला पूर्वी वाटायचं. ग्रेगरी पिंकस आणि एन्झमन यांचा १९३५चा प्रयोग वाचला आणि ती समजूत मोडली. सशाच्या पुटिकेतून त्यांनी अंडपेशी बाहेर काढून काचेच्या बशीत ठेवली. कुठलंही संप्रेरक दिलं नाही, काही टोचलं नाही. पेशी आपण होऊन पुढे निघाली. अडकलेलं विभाजन तिनं स्वतःच सुरू केलं. म्हणजे तिला उठवावं लागत नव्हतं. पुटिकेत असताना तिला कुणीतरी धरून ठेवलेलं होतं.

धरून ठेवणाऱ्या त्या भोवतालच्या पेशी. अंडं वाढतं तसं त्याच्याभोवती पारदर्शक कवच तयार होतं. त्या कवचातून या पेशी आपली केसासारखी बारीक टोकं आत घालून अंड्याला टेकलेल्या राहतात. अंड्याला साखर नीट पचवता येत नाही. या पेशी ती फोडून पायरुवेट करून भरवतात. आणि त्याच वाटेनं सायक्लिक जीएमपी नावाचं एक छोटं रसायन अखंड आत सोडत राहतात. ते आत येत आहे तोवर अंडं थांबतं. मेंदूकडून जेव्हा एलएच नावाच्या संप्रेरकाची लाट येते, तेव्हा तो निरोप अंड्याला ऐकूच येत नाही, त्याच्यावर एलएच घेणारी दारं नसतात. निरोप घेतात बाहेरच्या पेशी. त्या ते रसायन बनवणं कमी करतात, वाटा मिटतात, आतला पुरवठा ओसरतो, आणि अंडं निघतं. 'पुढे हो' असं त्याला कुणी सांगत नाही. 'थांब' म्हणणं बंद होतं, एवढंच.

मी हे वाचलं त्या रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं. तो अर्धवट झोपेत म्हणाला, "म्हणजे आईनं बोट सोडल्यासारखं." मला त्याचं म्हणणं आवडलं, पण पुरतं पटलं नाही. बोट सोडल्यावर मूल लगेच धावतं. इथे मात्र सोडण्याआधी वाढ पुरी झालेली असावी लागते. अंडं जवळजवळ पूर्ण आकाराचं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं झालेलं नसेल, तर बाहेर काढून बशीत ठेवलं तरी ते हलत नाही. मला पाड आठवला तो इथेच.

आता इंजेक्शनांबद्दल. ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवशी मावशीचा फोन आला. आवाज काळजीचा. "अगं, ती सुया घेतल्या की सगळी अंडी एकदम वापरली जातात म्हणे. मग पाळी लवकर जाते." ही भीती मी क्लिनिकच्या बाकड्यावर बसलेल्या किती तरी बायकांच्या तोंडून ऐकली. खेड्यातून आलेल्या, शहरातल्या, शिकलेल्या. म्हणून नीट लिहिते.

दर महिन्याला अंडाशयात बारीक पुटिकांचा एक जथा वाढीच्या वळणावर आलेला असतो. मेंदूखालच्या ग्रंथीतून एफएसएच नावाचं संप्रेरक येतं आणि सगळ्या त्यावर वाढू लागतात. त्यातली एक थोडी पुढे जाते. तिच्यावर एफएसएच घेणारी दारं जास्त असतात, आणि ती स्वतः जी संप्रेरकं सोडते त्यांनी एफएसएच खाली येतं. उरलेल्या थोडक्या एफएसएचवर तिचं भागतं. बाकीच्यांचं भागत नाही आणि त्या सुकतात. त्या पुढच्या महिन्यासाठी मागे राहत नाहीत. संपतातच. इंजेक्शनातून बाहेरून एफएसएच दिलं, की ज्या या महिन्यात सुकणारच होत्या त्यांना पुरेसं मिळतं आणि त्याही वाढतात. खोलवर निजलेल्या पुटिकांना या सुईचा पत्ताही लागत नाही. वयात येताना मुलीजवळ तीन-चार लाख असतात, पाळी जाते तेव्हा हजाराच्या आसपास. तीन लाख धरून अडतीस वर्षांवर वाटलं, तर महिन्याला साडेसहाशे जातात, गोळी खा, सुई घ्या, काही न करा. आयुष्यभरात बाहेर पडणारी अंडी चारशे-पाचशेच. मावशीला मी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मग घे बाई बिनघोर."

माझ्या सुयांमधल्या एका औषधाच्या खोक्यावर 'एचएमजी' लिहिलं होतं. हे औषध पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढतात. अंडाशयं थांबली की एफएसएचला खाली आणणारं कुणी उरत नाही, ते शरीरात भरपूर वाढतं आणि लघवीतून बाहेर जातं. इटलीत पिएरो दोनिनी यांनी १९४९मध्ये ते वेगळं केलं, आणि पुढे औषध म्हणून करायचं ठरलं तेव्हा लघवी गोळा केली ती इटलीतल्या वृद्ध ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, निवासांतून. ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी ते वापरून पहिली गर्भधारणा १९६१ साली घडवली. लग्न न केलेल्या, मूल न झालेल्या, पाळी संपलेल्या त्या म्हाताऱ्या बायका. रोज संध्याकाळी पोटाला चिमटा धरून सुई टोचताना मला त्यांची आठवण यायची. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांची आठवण म्हणता येत असेल, तर.

लॅबमधल्या त्या पक्की-कच्चीच्या उलट, 'साठा' या शब्दानं मला फार छळलं. एका दवाखान्यात एएमएचचा रिपोर्ट ०.९ आला. समोरच्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "साठा संपत आलाय. उशीर केलात." मी तेहतीस वर्षांची होते. घरी येताना रिक्षात मला रेशन दुकानाच्या फळ्यावरचं 'साठा शिल्लक नाही' दिसत राहिलं. एएमएच बनवतात वाढीला लागलेल्या बारीक पुटिकांमधल्या त्याच भोवतालच्या पेशी. रक्तातलं त्याचं प्रमाण बघून, सुई दिली तर साधारण किती अंडी मिळतील याचा अंदाज बांधता येतो. अंडं चांगलं की वाईट ते त्यात नसतं. मूल होईल की नाही, तेही नसतं. अमेरिकेत तीस ते चव्वेचाळीस वर्षांच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहायला काही जास्त वेळ लागला नव्हता. हे सांगायला त्या डॉक्टरांना दोन मिनिटं लागली असती. त्या दोन मिनिटांअभावी मी दीड महिना धड जेवले नाही, आणि माझ्यासारख्या बायका रोज त्या दारातून बाहेर पडतात, याचा मला आजही राग आहे.

वयाचं मात्र खरं आहे आणि ते लपवून कुणाचंच भलं होत नाही. आईच्या पोटात असताना जोडीनं आलेली ती गुणसूत्रं एकत्र धरून ठेवायला कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी असते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ही कडी जन्माआधी बसवली जाते आणि नंतर नवी घातली जात नाही. वर्षानुवर्षं तीच धरून असते, हळूहळू सैल होते. मग विभाजनाच्या वेळी एखादी जोडी चुकीच्या बाजूला जाते. विशीत डाऊन सिंड्रोम असलेलं मूल होण्याची शक्यता दीड हजारात एक असते, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. माझ्यापुरता आकडा मी पाहिला, समजून घेतला आणि पुढे गेले. इतकी वर्षं धरून ठेवलेली वस्तू थोडी सैल पडली तर त्यात दोष कुणाचा म्हणायचा?

पुटिका रोज सोनोग्राफीत मोजायच्या. बारा, चौदा, सोळा मिलिमीटर. बाकड्यावरच्या बायका एकमेकींना विचारायच्या, "साइज किती आला?" जशी शेजारीण विचारते, भाकरी झाल्या का. माझ्या दोन-तीन अठरावर गेल्या आणि डॉक्टर म्हणाले, आज रात्री साडेदहाला ट्रिगर, म्हणजे अंडी पिकायला लावणारी शेवटची सुई. मिनिटही मागेपुढे नको. परवा सकाळी साडेदहाला अंडी काढायची. छत्तीस तास.

हे छत्तीस तास मोजले रॉबर्ट एडवर्ड्स यांनी. शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाचे तुकडे इंग्लंडमधल्या रुग्णालयांतून मिळवून, त्यातली अंडी ते बशीत ठेवायचे आणि बघायचे. उंदीर-सशांची अंडी बारा तासांच्या आत निघतात. माणसाची बारा तासांनी हलली नव्हती, अठरा तासांनीही नाही. पुरी वाट बघितली तेव्हा पंचवीस तासांनंतर गुणसूत्रं दिसू लागली, आणि पिकणं पुरं व्हायला छत्तीस-सदतीस तास लागले. १९६५ साली त्यांनी हे छापलं. त्यांच्याआधीच्यांचा माणसाबद्दलचा अंदाज चुकला होता आणि एडवर्ड्स यांचं पहिलं यश हे, की ते जास्त वेळ थांबले. पुढे तेरा वर्षांनी, २५ जुलै १९७८ला जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, जन्मली.

त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ला, कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी एचएमजी देऊन अंडी वाढवली होती आणि गर्भ गोठवून ठेवून नंतर आत सोडला होता. त्यांचं म्हणणं सरकारी समितीनं खोटं ठरवलं. १९ जून १९८१ला त्यांनी आत्महत्या केली. आपल्याकडे पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून नाव झालं ते हर्षाचं, ६ ऑगस्ट १९८६ला केईएममध्ये जन्मलेल्या. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. १९९७ साली आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणं वाचली आणि जाहीरपणे सांगितलं, की पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, माझा नाही. परळवरून बस जाते तेव्हा मी केईएमच्या दिशेनं बघते आणि मला हर्षाइतकेच आनंद कुमार आठवतात. स्वतःचं पहिलेपण असं उतरवून ठेवायला काय लागत असेल.

ट्रिगरची सुई नवऱ्यानं दिली. साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना तो सिरिंज धरून घड्याळाकडे बघत उभा होता. सुई झाल्यावर आम्ही दोघं बाल्कनीत बसलो. आत कुठेतरी भोवतालच्या पेशींनी ती वाट मिटायला सुरुवात केली असेल, असा विचार करत.

अंडं पक्कं झालं हे लॅबमध्ये कळतं कसं, ते मी नंतर त्या मुलीला विचारलं. तिनं पडद्यावर दाखवलं. आधी भोवतालच्या पेशी हलक्या हातानं सोडवून काढतात. पक्क्या अंड्याच्या कडेला, कवचाच्या आत, एक इवलासा थेंब अडकलेला दिसतो. ती पोलर बॉडी. विभाजनात अंड्यानं आपल्या गुणसूत्रांचा अर्धा संच तिच्यात घालून बाहेर ठेवलेला असतो. बाकीचं सगळं अन्न, सगळी सामग्री स्वतःजवळ. कच्च्या अंड्यात तो थेंब नसतो. त्याच्या पोटात मोठं गोल केंद्रक तसंच दिसतं, आईच्या पोटात होतं तसं. माझं ते अंडं मी बराच वेळ बघितलं. माझ्याएवढं वय, आणि अजून पहिल्या पायरीवर. गंमत अशी, की पक्कं अंडंही पुरतं संपलेलं नसतं. दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर ते पुन्हा थांबतं आणि शुक्राणू आत आला तरच ते काम पुरं करतं. म्हणजे ज्याला आपण तयार अंडं म्हणतो तेही अर्ध्यावर थांबलेलंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. पाचपैकी चार फळली. मग ती म्हणाली, "आणि मॅडम, एक सांगायचं होतं. कच्च्या दोनांपैकी एकानं रात्रीत पोलर बॉडी टाकली. आम्ही ठेवून दिलं होतं तसंच. अशा उशिरा झालेल्यांचं पुढे फारसं होत नाही, म्हणून आशा लावू नका. पण झालं." दुसरं तसंच राहिलं होतं.

संध्याकाळी आजीला फोन लावला. तिला मी सुरुवातीपासून थोडं थोडं सांगत आलेय. कान कमी झालाय, पण या विषयात ती एकदाही 'काय' म्हणत नाही. म्हटलं, "आजी, एक कच्चं होतं ते काढून ठेवलं तर रात्रीत पिकलं."

"पाडाला आलं आसंल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ऊब किती देत्यात?"

"सदतीस अंश."

"म्हंजी अंगाएवढीच की."